फुकट हवालदार

सुपारीच्या बैठकीत नवऱ्या मुलाला काय विचारायचं त्याची एक रीत असते. जमीन किती, पाण्याची सोय काय, नोकरी कायमची का कच्ची. आमच्या गल्लीतल्या जाधवाच्या पोरीची बैठक होती आणि मुलाकडची मंडळी वडूजहून आली होती. सगळी विचारपूस झाली, पोहे झाले, सुपारी फोडायला घेतली. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले हवालदार उठून उभे राहिले.

"पाव्हणं, घरात कंप्यूटर हाय का?"

पोरगं खूश झालं. "हाय की."

"त्यातलं सॉफ्टवेअर इकतचं, फुकटचं, का चोरीचं?"

पोरगं सरळ होतं. म्हणालं, "दुकानदारानं समदं टाकून दिलंय. कुलूप तोडलेलं असतंय म्हणं, पण चालतंय झ्याक."

हवालदार मुलीच्या बापाकडं वळले. "जाधव, मुलगा चोरीचा माल वापरतोय. म्होरं तुमी जाणा." आणि खाली बसले.

मुलाचा बाप तांबडालाल. "आमच्या सात पिढ्यांत कुणी दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली न्हाई!" एकजण चपला घालायला लागला. शेवटी तोड निघाली. दुसऱ्या दिवशी मुलाच्या बापानं कंप्यूटरचं खोकं मांडीवर घेऊन, मोटरसायकलवर मागं बसून, वडूजहून कोरेगावला आणलं. हवालदारांनी दिवसभर बसून त्यातलं चोरीचं काढलं, फुकटचं घातलं, आणि दिवस मावळायच्या आत जाधवाला रिपोर्ट दिला, "मुलगा आता साफ हाय." मग सुपारी फुटली. नवरा-बायकोचं बरं चाललंय. कंप्यूटरचंही बरं चाललंय असं ऐकतो.

हे आमचे हवालदार. सैन्यात सिग्नलमध्ये होते. पेन्शनीवर येऊन त्यांना बरीच वर्सं झाली. लोक निवृत्त झाल्यावर भजनी मंडळात जातात, पतपेढीच्या निवडणुकीला उभे राहतात. हवालदारांनी घराघरातल्या कंप्यूटरला फुकटचं सॉफ्टवेअर घालून द्यायचं काम धरलं. तेही फुकट. म्हणून सगळं कोरेगाव त्यांना 'फुकट हवालदार' म्हणतं. त्यांना ते ठाऊक आहे. त्यांना तो हुद्दा वाटतो.

आता माझं सांगतो, कारण माझी आणि त्यांची गाठ पडणं म्हणजे दोन उलट्या पिळाच्या दोऱ्यांची गाठ पडणं होतं. मी चौथी शिकलो. पाचवीत बापानं हातात ओळंबा दिला, तेव्हापासून विहिरी बांधल्या. माझ्या हातच्या विहिरीचा एक चिरा ढिला दाखवा आणि माझी मिशी उतरवा, असं मी आजही चावडीवर सांगतो. आणि फुकटचं मी कुणाचं घेत नाही. शेजारणीनं वाटीभर आमटी पाठवली तर वाटी रिकामी परत जात नाही, मूठभर शेंगा का असेनात, घालूनच जाते. रिकामं भांडं परत करणं म्हणजे 'आता तुमचा आमचा संबंध सरला' म्हणणं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

माझा मुलगा पुण्याला असतो. त्यानं त्याचा जुना कंप्यूटर आमच्याकडं पाठवला, "आप्पा, तुमच्या विहिरींची हकीकत लिहून काढा" म्हणून. मला ते पटलं. कुठल्या विहिरीला कितव्या हातावर खडक लागला, कुठं झरा पूर्वेचा, कुठं दक्षिणेचा, हे माझ्या डोक्यात आहे, आणि डोकं काही जन्मभर पुरत नाही. मी एका बोटानं टाइप करायला बसलो. तर तो कंप्यूटर दर दहा मिनिटांनी म्हणायचा, मुदत संपली, मुदत संपली. मला वाटलं, जप्ती येती आता.

ही बातमी हवालदारांपर्यंत कशी गेली कोण जाणे. शनिवारी सकाळी दारात उभे. पायात कडक बूट, खिशाला दोऱ्यानं बांधलेला पेन ड्राइव्ह, पूर्वी शिट्टी बांधायचे तसा.

"आप्पा, मुदत संपलेला मुन्शी कशाला पोसताय? मी ताज्या भरतीचा देतो. फुकट हाय, पण हलका न्हाई."

"फुकटचं आमी घेत न्हाई," मी म्हणालो.

"आवं, तुमच्यासाठी कोण फुकट द्यायला बसलंय? दुनियेतली शहाणी माणसं एकत्र येऊन बनवत्यात आन् समद्यांसाठी मोकळं सोडत्यात. गावची विहीर असती तसं. तुमी गावच्या विहिरी बांधल्या, त्येचं पाणी पिणाऱ्याला फुकटा म्हणता का?"

माझ्याच चिऱ्यानं माझं तोंड बुजवलं. मी आत घेतलं त्यांना.

त्यांची पद्धत बघण्यासारखी. आधी बूट काढायचे, हात धुवायचे, पुसायचे, मग कीबोर्डला हात. खुर्चीला टेकायचं नाही. सॉफ्टवेअरची खरी नावं ते सांगत नाहीत, कारण गावाला ती पाठ होत नाहीत. त्यांनी सगळ्यांना पलटणीतल्या नेमणुका दिल्यात. लिहायचं ते मुन्शी. गाणी-सिनेमा वाजवतं ते बँडवालं. फोटो कापून-छाटून नीट करतो तो न्हावी. दहा कागद दाबून एक गठ्ठा करतो तो बिस्तरबंद. पासवर्ड सांभाळणारं ते कोत, म्हणजे पलटणीत बंदुका ठेवायची कुलूपबंद खोली. आणि बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून राखणीला उभा तो संत्री.

"एकच संत्री का? दोन ठिवा की," मी म्हणालो. विहिरीला मी कठडा दुहेरीच बांधतो.

हवालदारांनी मान हलवली. "एका गेटावर दोन संत्री उभं केलं तर एकमेकालाच गोळ्या घालत्यात. कंप्यूटर पार बसतो."

शिवाय उपदेश. सॉफ्टवेअर घ्यायचं ते बनवणाऱ्याच्याच दारातनं घ्यायचं, वाटेतल्या हिरव्या-पिवळ्या बटनांना भुलायचं नाही. "तो बाजार हाय. तितं लिवलेलं असतंय फुकट, आन् आत चार भामटे बसल्यात." घालताना 'पुढं, पुढं' करत बोट दाबत सुटायचं नाही, प्रत्येक पानावर थांबून वाचायचं, नको त्या चौकटीतली खूण काढायची. आणि लिहिलेल्याची नक्कल दुसरीकडं ठेवायची. "एकच नक्कल म्हंजे एकबी न्हाई, आप्पा."

दुपारपर्यंत माझ्या घरात अख्खी पलटण भरती झाली. मुन्शी मुदतीचं नाव काढीना. मी नोट काढली. हवालदारांनी तिच्याकडं असं बघितलं, की मी ती पुन्हा खिशात घातली.

पण मी सोडतोय होय. कारभारणीला म्हणालो, "डबा भर." तिनं पितळी डबा भरून घेवड्याची उसळ आणि भाकरी दिली. हवालदार एकटेच. बायको मागंच गेलेली, मुलगा विट्याच्या सासऱ्याबरोबर सोनं गाळायच्या धंद्यात, तिकडं केरळात. डबा घेताना एवढंच म्हणाले, "ठीक है."

आणि इथून सगळा घोळ चालू झाला. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे हवालदारांनाही ठाऊक. पण एकट्या माणसाच्या घरात डब्यात घालण्यासारखं असतं काय? मंगळवारी डबा आला, घासून लखलखीत. कारभारणीनं उघडला, तर आत पेन ड्राइव्ह.

"आवं, ह्ये काय घातलंय भावजींनी? कशाची फोड म्हणायची ही?"

आत नवीन सॉफ्टवेअर होतं, आकाशातले तारे दाखवायचं. आता पेन ड्राइव्ह तरी रिकामा कसा परत करायचा? पुन्हा डबा भरला, पेन ड्राइव्ह वरच्या ताटलीत ठेवला. शनिवारी हवालदार आले, तारे बसवून गेले, डबा घेऊन गेले. पुढच्या मंगळवारी डब्यात पेटी वाजवायचं सॉफ्टवेअर. मग बुद्धिबळ. मग घराचा नकाशा काढायचं. आम्हाला बंद करता येईना आणि त्यांनाही. दोन वर्सांत आमच्या कंप्यूटरमध्ये अठरा पगड जातीची सॉफ्टवेअर नांदायला लागली. त्यांतलं मला लागायचं एक मुन्शी. बाकीची नुसती पंगतीला.

शिवाय दर शनिवारी 'अपडेट'. शस्त्राला तेल लागतं तसं सॉफ्टवेअरला अपडेट लागतं, असं हवालदारांचं म्हणणं. दहाला यायचे, एकेकाला नवीन करायचे, पट्टी सरकत असायची हळूहळू, तोवर चहा. लडाखमधल्या थंडीत तार कशी जोडली ते सांगायचे. तीच तार दर शनिवारी. मीही त्यांना माझी खडकातली विहीर सांगायचो, तीच. कारभारणी आतून म्हणायची, "दोगांचीबी रेकार्ड अडाकली, त्येला न्हाई का वो कुटलं सॉफ्टवेअर?"

मागच्या पावसाळ्यानंतर माझी लेक सुनंदा सांगलीहून माहेरपणाला आली. ती तिकडं एका कचेरीत कंप्यूटरवरच कामाला असते. तिनं माझ्या विहिरींची हकीकत वाचली, शुद्धलेखनाला हसली, आणि मग उगाच कंप्यूटरच्या पोटात शिरली. जरा वेळानं म्हणाली, "आप्पा, दर शनिवारी काय अपडेट करायला येतात हवालदारकाका?"

"समदंच."

"अहो, हे आपोआप होतं. माणसानं हात लावायचा नसतो. कुणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलंय. एक नाही, सगळ्यांचं. शोधून शोधून."

मी विहिरीवाला माणूस. मला ते माझ्या भाषेत कळलं. झरा आपला आपण वाहत होता, आणि हवालदारांनी तो बुजवला होता. मग दर शनिवारी घागरीनं पाणी आणून ओतत होते, आणि मी वर चहा पाजत होतो.

माझं डोकं फिरलं. दोन वर्सं मला चौथी पास म्हणून येड्यात काढलं! ज्यानं वडूजच्या पोराला भर बैठकीत चोर केलं, त्यानं माझ्या घरात ही लबाडी करावी? सुनंदा म्हणाली, "जाऊ दे आप्पा, वयस्कर माणूस आहे." मी म्हणालो, "वयस्कर मीबी हाय. कर चालू. समदं झरं मोकळं कर."

तिनं केलं. शनिवारी हवालदार आले. बूट काढले, हात धुतले, बसले. मी मुद्दाम समोरची खुर्ची ओढून घेतली. त्यांनी मुन्शी उघडला. अपडेट झालेला. संत्री उघडला. झालेला. न्हावी, बँडवालं, तारे, सगळे तेल लावून तयार. त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला.

"झरा आपला आपण वाहतोय म्हणं, हवालदार," मी म्हणालो. "तुमची ड्यूटी सपली."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कारभारणीनं चहा आणून ठेवला होता. कप सरळ केला, कान उजवीकडं. पिला नाही. "ठीक है," म्हणाले, बूट घातले, नाड्या नीट बांधल्या, कारभारणीनं पुढं केलेला डबा घेतला, आणि गेले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तो बुधवारपर्यंत टिकला. बुधवारी डबा आला. कुणाच्या तरी हाती पाठवलेला. कारभारणीनं उघडला आणि तशीच उभी राहिली.

"आवं, डबा रिकामा आलाय."

घासलेला, पुसलेला, आणि आत काही नाही. लग्नाला पन्नासच्या वर वर्सं झाली, आमच्या घरात रिकामं भांडं कधी आलं नव्हतं. तिनं त्यात पसाभर तांदूळ टाकले, अपशकुन नको म्हणून, आणि माझ्यासमोर आपटला. "बसा आता झरं मोजत."

पुढचा शनिवार आला. दहा वाजले. कंप्यूटर आपोआप अपडेट झाला, कुणाला न विचारता, चहा न पिता. त्याच्या पुढचा शनिवारही तसाच. मी कारभारणीला खडकातली विहीर सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "मला ठावं हाय, वीस हातावर खडक लागला," आणि उठून गेली. मग रविवारी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "माणूस जित्ता हाय का तेवढं तरी बघून या."

मी आजवर कुणाच्या दारात आपण होऊन समेटाला गेलेलो नाही. त्या दिवशीही गेलो नाही. डबा भरलेला होता, तो पोचवायला गेलो.

दार उघडंच होतं. हवालदार दळण आणायला गेलेत, शेजारी म्हणाला, "बसा, येतीलच." मी आत गेलो. दोन वर्सांत पहिल्यांदाच. ते आमच्याकडं यायचे, आम्ही कधी गेलो नव्हतो. एक खाट, घडी घातलेलं कांबळं, एक कंप्यूटर, त्यावर घातलेला रुमाल. आणि भिंतीला एक तक्ता, पट्टीनं आखलेला. वर मोठ्या अक्षरात 'ड्यूटी'. खाली वार, आणि वारापुढं घरं.

मी अक्षर लावून वाचतो, सावकाश. सोमवार, पोस्टाजवळचे शिंदे. त्यावर लाल काट. बाजूला बारीक अक्षरात, 'कंप्यूटर विकला, मोबाइल घेतला'. मंगळवार, पिठाची गिरणी. लाल काट. 'मुलगा स्वतः करतो'. बुधवार, जाधव. काट. 'मुलगी सासरी'. गुरुवार, शुक्रवार, काट, काट. रविवारपुढं लिहिलं होतं, 'चिरंजीव, केरळ, इथे बसून'. म्हणजे हवालदार इथं बसून तिकडचा मुलाचा कंप्यूटर चालवायचे, त्यालाही फुकटचं सॉफ्टवेअर असतं, त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यावर सगळ्यांत जुनी काट, लाल शाई पार फिकी पडलेली. 'आता आपोआप होतं म्हणतो'.

शनिवार, आप्पा. तिथं लाल नव्हती. पेन्सिलीची काट होती, हलकी. खोडता येईल अशी.

मी डबा खाटेवर ठेवला आणि ते यायच्या आत निघालो.

घरी येऊन कंप्यूटरपुढं बसलो. सुनंदानं केलं ते उलटं करायचं होतं. तिला फोन करून विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण विचारायचं कुणी? चार तास गेले. जन्मभर झरे मोकळे केले, बुजवायचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं. मध्येच कुठं काय दाबलं गेलं कोण जाणे, अख्खी स्क्रीन आडवी झाली. अक्षरं खाटेवर निजल्यासारखी. मी उरलेलं काम मान आडवी करून केलं. कारभारणी येऊन बघून गेली. "लकवा न्हाई ना झाला?" म्हणाली. मी म्हणालो, "गप." पण एकेक करून सगळे झरे बुजवले. शोधून शोधून.

मग फोन लावला. "हवालदार, कंप्यूटर बिघडलाय."

पलीकडनं, "काय होतंय?"

"आडवा झालाय."

शनिवारी दहाला आले. बूट, हात, रुमाल. स्क्रीन बघितली, माझी मान बघितली, ती अजून जरा वाकडीच होती, आणि कंप्यूटर सरळ केला. मग आत शिरले. मुन्शी बघितला. संत्री बघितला. न्हावी, बँडवालं, तारे. एकेक बंद. त्यांची बोटं थांबली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

"आप्पा, ह्ये अपडेट कुणी बंद केलं?"

"मला काय इचारता? मी चौथी पास."

बराच वेळ पट्टी सरकत राहिली. चहा आला. त्यांनी कप सरळ केला आणि या खेपेला तोंडाला लावला.

"लय बिघडवून ठिवलंय कुणीतरी," हवालदार म्हणाले. "एका दिवसाचं काम न्हाई ह्ये. शनिवार लागतील बरंच."

"लागू द्या. तुमची ती लडाखची तार कवा तुटली होती?"

त्यांनी सांगितली. पहिल्यापासून.

परवा मंगळवारी डबा आला. कारभारणीनं तांदूळ निवडता निवडता झाकण उघडलं, आणि पेन ड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला. आता मला तो लावता येतो, उघडता येतो, आत काय आहे ते वाचताही येतं. कपाटावर ठेवलाय. शनिवारी दहाला बघू.